चार बदामांवर चार इस्पिक

"तीन बदाम," बायको म्हणाली, आणि फिटरचा पाय टेबलाखाली हलायला लागला.

ब्रिजच्या क्लबात येतानाच तिने बजावलं होतं, "अहो, आज माझ्या बोलीवर बोली चढवलीत, तर पुढच्या शनिवारी मी दुसरा पार्टनर बघणार." ही बाई बोलते तसं करते, हे त्याला इतक्या वर्षांत पुरतं कळलेलं. पण हा माणूस स्वस्थ बसेल तर शपथ! पंप दुरुस्त करतानाही नट घट्ट बसला तरी आणखी एकदा आवळणारच, आणि आटे गेले की कपाळाला हात लावणार.

हातात सहा इस्पिक, राजा-राणी-गुलाम शेजारी शेजारी. बदामाची फक्त दुर्री. "तीन इस्पिक," तो म्हणाला.

"चार बदाम," ती शांतपणे म्हणाली.

आता त्याने गप्प बसायचं, एवढंच काम. पण राजा-राणी-गुलाम वाया घालवायचे? छे!

"चार इस्पिक."

"डबल," डावीकडचे दातांचे डॉक्टर म्हणाले, म्हणजे बुडाल्यास दंड दुप्पट. आवाज इतका गोड, की फिटरची दाढच ठणकली.

नियमाप्रमाणे बायकोने आपली पानं टेबलावर उघडी मांडली. एक्क्यापासून सात बदाम, इस्पिक एकही नाही. उरलेल्या इस्पिकांतली पाच डॉक्टरांकडे निघाली. तीन हात कमी पडले. चार बदाम तिने डोळे मिटून केले असते.

"अगं, माझ्याकडे सहा इस्पिक होती!"

"कळलं होतं. तुमचं ऐकूनच मी चार बदाम म्हणाले. माझं कधी ऐकणार?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती दमलेली दिसली.

पुढच्या शनिवारी ती ग्रंथपालबाईंची पार्टनर म्हणून त्यांच्यासमोर बसली. फिटर दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत राहिला.

परतताना स्कूटरवर त्याने भीत भीत विचारलं, "कसं झालं?"

मग काय, तिची गाडी सुरू झाली! एका डावात तिने हुकूम आधी काढून घेतले नाहीत, डॉक्टरांनी तिचा एक्का हुकूम टाकून मारला. 'एवढं कसं कळलं नाही तुला?' त्याच्या अगदी ओठांवर आलं. त्याने ते गिळलं.

"मग?" तो म्हणाला.

"मग काय, बुडालो! पण मजा आली हो. पुढच्या वेळीही मी त्यांच्याबरोबरच बसणार आहे."

"बरं."

घर आलं. ती उतरलीच नाही, मागे बसून पुढचा डाव सांगत राहिली. त्याने इंजिन बंद केलं. वळून पाहिलं तर ती बोलायची थांबेल, म्हणून तो वळलासुद्धा नाही.