औषध पिलं का?

उत्तमरावांना साखर निघाली आणि आखाडा बाळापूरच्या डॉक्टरानं गोळ्या चालू केल्या. पण नुसत्या गोळ्यांवर नवरा सोपवून निवांत बसेल ती पार्वतीबाई कसली! रोज सकाळी कारल्याचा रस, त्यात बेडकीच्या वेलाचा वाटलेला पाला, अन् वरून जावयानं पुण्याहून पाठवलेली ताकदीची गोळी. उत्तमराव नाक दाबून, डोळे मिटून सगळं गिळायचे. डॉक्टरच्या गोळीनं साखर उतरते, पाल्यानंही उतरते, मग दोन्ही मिळून दुप्पट उतरेल, असा बाईचा हिशोब होता. हिशोब अगदी बराबर निघाला, तीच तर पंचाईत झाली.

एका सकाळी उत्तमराव गोठ्यात घामानं डबडबले, हातपाय लटलट कापले अन् माणूस आडवा. धाकट्या भावानं, सोमेश्वरनं, जीपमध्ये घालून दवाखाना गाठला. साखर पार तळाला गेलेली. सलाइन लावलं तेव्हा कुठं त्यांनी डोळे उघडले.

डॉक्टर तरुण, कोल्हापूरकडचा, बोलायला गोड. त्यानं सहज विचारलं, "आजी, माझ्या गोळ्यांशिवाय यांनी दुसरं काही औषध पिलं का?"

झालं! आता त्या बिचाऱ्याला कोण सांगणार, की इकडं डॉक्टर देतो त्या गोळ्या, घरी वाटतो तो पाला, आणि औषध म्हणजे कापसावर फवारायचं. माणसानं औषध पिलं म्हटलं, की मागून पोलीस आले, पंचनामा आला, अन् सोयऱ्याधायऱ्यांत तोंड लपवणं आलं.

पार्वतीबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. "औषध पितील आमचे दुश्मन! काय कमी हाय आमच्या घरात? काहून पितील?"

डॉक्टरनं गोळी बंद केली आणि दोन दिवस दवाखान्यातच ठेवायचं म्हणाला. बाईनं मनाशी ठरवलं, गोळी बंद तर बंद, आपण पाला चुकवायचा न्हाई. दुसऱ्या दिवशी नर्सची पाठ वळताच पदराआडून बाटली निघाली अन् रस पोटात गेला. दुपारी उत्तमराव पुन्हा घामाघूम, जीभ जड, बायकोलाच "मावशी" म्हणू लागले.

डॉक्टर धावत आला. पुन्हा सलाइन, पुन्हा सुई. या वेळी त्याचाही आवाज चढला. "गोळी बंद आहे, तरी साखर पडतेय! खरं सांगा, काहीतरी औषध पोटात जातंय. सांगितलं नाही तर माणूस हातचा जाईल!"

माणूस जाईल हे ऐकलं अन् बाईच्या काळजाचं पाणी झालं. ती ढसाढसा रडायला लागली. "देवाशपथ सांगते डॉक्टरसाहेब, त्यानी औषध न्हाई पिलं! जगायसाठी जो माणूस रोज कारल्याचा रस अन् बेडकीचा पाला पिऊन राहिला, आज सकाळीबी पिला, तो औषध कशाला पिईल?"

डॉक्टरनं कपाळाला हात लावला. मग खुर्ची ओढून त्यानं सारं समजावलं: पालाही साखर उतरवतो, गोळीचा असर अजून अंगात होता, दोन्हींनी मिळून माणसाला खाली ओढलं. काहीही द्यायचं तर आधी विचारायचं. पार्वतीबाईनं कान धरले. नवरा वाचला, आणखी काय पाहिजे होतं तिला?

बाहेर व्हरांड्यात निम्मं गाव भेटायला आलेलं. सगळ्यांना धीर द्यावा म्हणून डॉक्टर मोठ्यानं म्हणाला, "घाबरू नका, आता धोका नाही. आजींनीच औषध पाजलं होतं. पण मनात काही वाईट नव्हतं हो त्यांच्या!"

उत्तमराव घरी आले. ओसरीवर माणसं दाटली. आनंदात असलेल्या पार्वतीबाईनं सगळ्यांना चहा केला, उत्तमरावांना बिनसाखरेचा. ट्रेमधल्या कपांना कुणी हात लावेना. उत्तमरावांनी तेवढा आपला कप उचलला, तर सोमेश्वरनं त्यांचा हात धरला.

"थांब दादा," तो खाली मान घालून म्हणाला. "वहिनी, त्याच्यातला आधी तुमी घ्या घोटभर."