नऊच्या पुढे

सकाळी कॉफी उकळत ठेवली की मी संगणकाला एकच प्रश्न विचारते : ‘मर्सा’ची नवी आवृत्ती आली का? तो सांगतो, तुमच्याकडे सर्वांत नवी आवृत्ती आहे, नववी. मग मी कॉफी ओतते. सबंध हिवाळा असाच गेला.

‘मर्सा’ म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधून देणारं साधन. ते मी आणि माझा सहकारी वगदी, आम्ही अलेक्झांड्रियातल्या इब्राहिमिया भागात, औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत लिहिलं. प्रत्येक आवृत्तीला अलेक्झांड्रियाच्या ट्रामच्या एखाद्या थांब्याचं नाव द्यायचं असं ठरलं. नियम एकच : नव्या आवृत्तीतली पहिली चूक जो पकडेल, तो पुढच्या आवृत्तीचं नाव ठेवणार. त्यामुळे आवृत्ती बाहेर पडली की बसबूसा मिठाईचा ट्रे टेबलावर तसाच राहायचा आणि ऑफिसातले सगळे चुकांवर तुटून पडायचे.

वगदी बकोसच्या थांब्याजवळ राहायचा. दर खेपेला म्हणायचा, “आता बकोस ठेवू या.”

“बकोस? परदेशातले लोक विचारतील, काय आहे तिथे? काय सांगू? मासळी आणि वगदी?”

“मासळी ताजी असते, मॅडाम समीहा. तेवढं सांगा.”

पण पहिली चूक त्याच्या हाती कधी लागली नाही. मी तीनदा जिंकले. क्लिओपात्रा ठेवलं, स्पोर्टिंग ठेवलं, सान स्तेफानो ठेवलं. त्याला चिडवण्यात मजा होती, आणि थांबे पुष्कळ शिल्लक होते.

गेल्या वसंतात वगदी गेला. ‘मर्सा’ आता देशोदेशीची तरुण मुलं सांभाळतात. दहावी आली की पहिल्या तासातच चूक पकडायची आणि अकरावीला बकोस नाव द्यायचं, एवढं मी मनाशी धरून बसले होते. मला शहात्तर वर्षं झाली. दोन आवृत्त्यांत दोन-तीन वर्षं जातात.

शेवटी एका सकाळी, कॉफी उकळत ठेवून, न राहवून माँट्रियलला शहीराला फोन लावला. हल्ली ‘मर्सा’चं सगळं तीच बघते.

“तांत समीहा! किती दिवसांनी!” मावशीला ती तांत म्हणते.

“दहावी कधी काढताय, पोरी?”

“तांत, ती तर तीन आठवड्यांपूर्वीच निघाली. नाव फ्लेमिंग. आम्ही सगळे स्क्रीनवर जमलो होतो. तुम्ही आला नाहीत, तेव्हा वाटलं, आता तुम्हाला यात रस नसेल.”

“मला सांगितलं कोणी?”

“ग्रुपवर टाकलं होतं ना.”

“मी ग्रुपवर नाही.”

“या रब्बी, देवा! चुकलंच आमचं.”

“पहिली चूक कोणी पकडली?”

“अजून कोणीच नाही. आता कोण शोधत बसतंय, तांत? केक खाल्ला आणि आपापल्या कामाला लागलो.”

फोन ठेवला. मग माझ्या संगणकाने का सांगितलं नाही? नवी आवृत्ती आली का ते बघणारा ‘मर्सा’तला तुकडा मीच सव्वीस वर्षांपूर्वी लिहिलेला. माझ्याशिवाय आता तो कोणी वापरतही नाही. उघडून पाहिला. शब्दकोशात शब्द लावतात तसे मी आकडे लावले होते, पहिलं चिन्ह बघून. दहातला एक नऊच्या आधी येतो, म्हणून दहावी त्याला जुनी वाटत होती. शिकाऊ पोरं करतात ती चूक!

त्या ओळीशेजारी एक टीप होती. ती मी कधी वाचलीच नव्हती.

“नऊच्या पुढे गेलो तर हे चुकेल. तोवर मॅडाम समीहांना सांगू नये, दिवसभर चिडचिड करतील. – वगदी.”

चिडायला मोकळी होते, पण ऐकायला कोणी नव्हतं.

मग शहीराला रीतसर लिहून पाठवलं. चूक : दहाला नऊपेक्षा लहान समजणं. करणारी : समीहा. पकडणारा : वगदी.

तिचा लगेच फोन आला. “तांत, नियमाने नाव त्यांनी ठेवायचं. पण आता…”

“त्याने कधीच सांगून ठेवलंय. लिही, बकोस.”

“काय आहे तिथे?”

“मासळी ताजी असते.”

ती हसली. मग मी ती ओळ दुरुस्त केली आणि संगणकाला पुन्हा विचारलं. नवी आवृत्ती आली आहे, तो म्हणाला, दहावी, फ्लेमिंग.

कॉफी उकळून आटली होती. पुन्हा पाणी ठेवलं, एकाच कपाचं. अकरावीला अजून दोन-तीन वर्षं आहेत.