इवानेबाईंचं जेवण

चिझुरू नागुमोच्या चित्रकथेत मुलींच्या वसतिगृहाच्या एक बाई होत्या, इवानेबाई. अनाथ हानाला त्या बर्फात उभं करायच्या, तिच्या पुढचं ताट ओढून घ्यायच्या. चिझुरू त्यांचे कपडे भरगच्च काळ्या शाईनं भरायची, अर्धा चेहरा सावलीत बुडवायची. दर आठवड्याला तोक्योतल्या मासिकाच्या कचेरीत वाचक मुलींची पत्रं यायची : 'या बयेला मारून टाका!'

एक दिवस गावाहून धाकट्या भावाचा फोन आला. आई गावात सार्वजनिक स्नानगृह चालवायची. गल्ल्यावर बसलेल्या आईला बघून पोरी किंचाळत पळाल्या होत्या, "अगं बाई, इवाने!"

चिझुरूनं टेबलावरचं इवानेबाईंचं चित्र पुढे ओढलं. घट्ट अंबाडा, पुढे आलेली हनुवटी... चेहरा आईचाच होता. मिळेल ती गाडी पकडून तिनं गाव गाठलं.

"आई, चुकले गं. मुद्दाम नाही काढलं."

"मुद्दाम नाही? नाकावरचा तीळसुद्धा सोडला नाहीस!" आई खो खो हसली. "असू दे. हल्ली डोळे वटारले की कार्ट्या दंगा करत नाहीत."

मग टॉवेलांच्या घड्या घालता घालता तिनं विचारलं, "पण काय गं, ही बाई जेवते कधी?"

"म्हणजे?"

"सगळे अंक वाचले मी. दुसऱ्यांची ताटं ओढते, स्वतः एक घास घेत नाही. तुझे बाबा गेल्यावर मी काय कमी खेकसायचे तुमच्यावर? तुम्ही झोपलात की चुलीपाशी उभ्यानंच गार भात गिळायचे."

आईचं खेकसणं चिझुरूला पाठ होतं. गार भाताचं तिला आजच कळत होतं.

परत आल्यावर तिनं एक अख्खं पान काढलं. इवानेबाई, पाठमोऱ्या, उभ्यानं भात खाताना. सावली नाही, संवाद नाही, भोवती नुसता पांढरा कागद.

संपादक हिरायामांनी कपाळाला आठ्या घातल्या. "वाचकांना हिची फजिती हवीय हो, जेवण नकोय!"

"पुढच्याच पानावर ती हानाला कोंडतेय. सुधारणार-बिधारणार नाहीये ती."

"मग हे पान कशाला?"

"तिलाही भूक लागते म्हणून."

कुरकुरत का होईना, त्यांनी पान छापलं. त्या आठवड्यात कथेला वाचकांची पसंतीची मतं कमी पडली, शिव्याही आल्या. सेंदाईच्या एका शाळकरी मुलीनं लिहिलं, 'मला रडू आलं. इवानेसाठी रडले म्हणून तुमचाच राग आला. तिला मी माफ केलेलं नाही.'

चिझुरूनं ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. इवानेबाईंना माफी मिळावी, असं तिलाही वाटत नव्हतंच.

कथा पुढे दोन वर्षं चालली. शेवटी हाना वसतिगृह सोडून गेली, मागे वळूनसुद्धा न बघता. इवानेबाईंनी तिला हाक मारली नाही. फाटकाला हात लावून त्या उभ्या राहिल्या. वाचक मुलींचा त्यांच्यावरचा राग तोपर्यंतही निवळला नव्हता. मात्र मारून टाका, असं आता कुणी लिहीत नव्हतं.