देवानंदच्या जीपचं चौथं सील

मी एक जुनं ऑईल सील आहे. नाव ऐकून नाक मुरडू नका, मित्रांनो. लोखंडी पत्र्यात बसवलेली काळी रबरी कडी आणि आत एक बारीक स्प्रिंग, एवढाच माझा जीव. गाडीच्या चाकात बसायचं, आतलं तेल बाहेर जाऊ द्यायचं नाही आणि बाहेरचं पाणी आत येऊ द्यायचं नाही, हे माझं काम. मी काम करतो तोवर कुणाला माझं नावही ठाऊक नसतं. गळलो की मात्र माझी आठवण निघते, तीही शिव्यांसकट!

खामगावला भगवानरावांच्या लोखंड कातायच्या लेथच्या दुकानात मी दोन वर्षं खोक्यात पडून होतो. मी खरा ट्रॅक्टरच्या चाकाचा, दोन ओठांचा. एक ओठ तेल अडवतो, दुसरा चिखल. त्याचा मला भारी तोरा होता.

एके दिवशी सोनाळ्याचा देवानंद आणि त्याची बायको जयमाला टेम्पोत जीपचा अख्खा मागचा अ‍ॅक्सल घालून आले. देवानंद डोंगरातल्या वाडीवरची अकरा पोरं रोज जीपमधून सोनाळ्याच्या शाळेत आणायचा. जीपवर त्याचा फार जीव. पण वर्षभरात तीन सीलं गळली होती. गळलेलं तेल ब्रेकवर जायचं. आदल्या आठवड्यात उतारावर ब्रेक लागलाच नाही आणि पोरांनी भरलेली जीप बांधाला जाऊन टेकली. कुणाला खरचटलं नाही, एवढंच नशीब.

"वाडीवरचे उकंडराव म्हणतात, आणखी एक डाव असं झालं तं मी पोरगी पाठवत नाही," देवानंद सांगत होता. "ते नाही म्हटले की सारी वाडी नाही म्हणते. पोट्ट्यांची शाळाच सुटते, भाऊ."

भगवानरावांनी अ‍ॅक्सल खोलला. आतलं तेल पाणी मिसळून ताकासारखं पांढरं झालेलं. त्यांनी जिथं सील घासतं तिथं नख फिरवलं. जुन्या सीलांनी तिथं खाच पाडली होती. "खाच झाकाले इथं पातळ लोखंडी बाही चढवतो. चाकाचं हब आतून थोडं मोठं कापतो अन् हे दोन ओठांचं सील बसवतो," असं म्हणत त्यांनी मला उचललं. मी मनातून फुगलो. आधीचे तिघे लेचेपेचे, आता बघाच म्हटलं!

पण भगवानराव घुटमळले. "पाणी कुठून जाऊन राह्यलं, ते समजून नाही राह्यलं. तू गाडी पाण्यात घालतं काय?"

"घालतो नं! डोंगर उतरला की नदीतच उभी करून धुतो. रोज. अन् अ‍ॅक्सलवर ते हवेचं बारकं भोक राह्यते, त्यात माती जाऊ नये म्हणून खुट्टी ठोकली," देवानंद अभिमानानं म्हणाला.

तोवर जेवणाची वेळ झाली. देवानंदनं डबा काढला, पण झाकण काही निघेना. भगवानरावांनीही ओढून पाहिलं.

"भाजी गरम असतानाच झाकण लावलं ना, म्हणून," जयमाला हसत म्हणाली. "थंडी झाली की डबा झाकणाले आत ओढून धरते." मग एकदम नवऱ्याकडे पाहत म्हणाली, "अहो, तुमची जीप बी उतरावरून तापूनच येते नं? तिले तुम्ही थंड्या पाण्यात उभी करता. भोक बुजवलेलं. मंग ती पाणीच आत ओढंन, नाही तं काय!"

भगवानरावांनी कपाळावर हात मारला. देवानंद मात्र रडवेला झाला. "म्हणजे मीच खराब केली माही गाडी?"

माझा तोरा तिथंच उतरला. मलाही त्या पाण्यानं चार-सहा महिन्यांत नासवलं असतं.

खुट्टी निघाली. त्या भोकाला रबरी नळी जोडली; अ‍ॅक्सल जीपला बसवला की ती वर सीटपर्यंत न्यायची, म्हणजे हवा ये-जा करेल, पण पाणी शिरणार नाही. बाही चढली, हब कापलं आणि मी माझ्या जागी घट्ट बसलो.

पहिल्या दिवशी उकंडराव स्वतः पुढच्या सीटवर बसले, दांडी धरून. त्याच उतारावर देवानंदनं ब्रेक दाबला आणि जीप जागच्या जागी थांबली. उकंडरावांनी दांडीवरचा हात काढला. मित्रांनो, मला तेव्हा इतका आनंद झाला म्हणून सांगू!

खाली नदी आली तसा सवयीनं देवानंदचा हात बादलीकडे गेला, पण जयमालानं आधीच बजावून ठेवलेली पोरं ओरडली, "काका, थांबा!" तेव्हापासून तो रोज पोरांना शाळेत सोडतो, जीप झाडाखाली निवू देतो आणि मगच धुतो.

असा मी तीन वर्षं राबलो. परवा ओठ झिजले म्हणून मला काढलं, पण ब्रेकवर तेलाचा एक थेंब नव्हता. आता मी भगवानरावांच्या भिंतीवर खिळ्याला आहे आणि मजेत आहे. तुम्हाला एकच विनंती. कुणाला जीव लावाल तेव्हा त्याला काय सोसतं, हेही विचारून घ्या. आम्हा सीलांना देवानंदच्या आळसानं नव्हे, त्याच्या मायेनंच बिघडवलं होतं.

आणि उकंडराव? ते आता जीपपर्यंत येतसुद्धा नाहीत. दारातूनच हात करतात आणि थोरलीबरोबर धाकटीलाही पाठवून देतात.