दहा किलोची अडगळ

मी एक जुनी, ओतीव लोखंडाची चकती आहे. भाकरीच्या तव्याएवढी, पण वजन दहा किलो! गॅरेजवाले मला फ्लायव्हील म्हणतात. एका लाल, उघड्या स्पोर्ट्स कारमध्ये मी पन्नास वर्षे इंजिनाच्या पाठीशी फिरले. इंजिन दमून बंद पडायला आले, की माझ्या वजनाच्या जोरावर ते फिरत राही. या कामात मी कधी खाडा केला नाही.

मित्रांनो, आमचे मालक डेस्मंडकाका आणि त्यांची बायको थेल्माकाकू. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात दर ईस्टरला चिखलाच्या चढांवर जुन्या गाड्यांची स्पर्धा असते. तिथे वेगाला कोणी विचारत नाही. ऐन चढावर थांबायचे आणि पंचाने झेंडा हलवला की मागे न घसरता, बंद न पडता निघायचे. काका गाडी चालवत आणि चाके चिखलात घसरू नयेत म्हणून काकू शेजारी बसून धपाधप उड्या मारत. सव्वीस वर्षे असे चालले.

मग काकांचा डावा गुडघा गेला. क्लच फार जड, तो दाबताना काकांच्या तोंडून नको नको ते शब्द निघत. म्हणून ग्लिन मिस्त्रीने हलका क्लच आणला. ते मला पटले. पण गिअरबॉक्स उतरवल्यावर तो म्हणाला, "एवढं उघडलंच आहे, तर फ्लायव्हीलपण बदलू. हे नवं निम्म्या वजनाचं. गाडी कशी उधळेल बघा!"

काकांना मोह झाला आणि माझी उचलबांगडी झाली. दुखत होता गुडघा, जड होता क्लच आणि बाहेर कोण? मी! चोर सोडून संन्याशाला फाशी. माझे काय चुकले, मला अजून कळलेले नाही.

वाऱ्याने शेडचे दार आपटू नये म्हणून मला दाराशी ठेवले. स्पर्धेला आठ दिवस उरले, तेव्हा काका समोरच्या चढावर सराव करू लागले. क्लच सोडला, की गाडी बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. जास्त रेस दिली, तर चाके जागच्या जागी गरगरत.

"संपलं गं," काका म्हणाले. "पायात दमच उरला नाही. गाडी विकून टाकू."

"विक! आणि मी उड्या कुठे मारू? सोफ्यावर?" काकू म्हणाल्या, पण त्यांचे डोळे भरून आले होते.

काका, पाय नाही हो तुमचा, असे मला ओरडून सांगावेसे वाटले. पण लोखंडाला तोंड कुठले?

काकू तणतणत शेडमध्ये आल्या आणि मला ठेचकाळल्या. "आई गं!" मला बाजूला सारायला वाकल्या, तर मी हलेना. त्या तशाच थांबल्या.

"डेस्मंड, इकडे ये! ते नवं मी चहाच्या ट्रेसारखं उचलून ग्लिनला दिलं होतं. आणि हे बघ, जागचं हलत नाही. अरे वेड्या, तुझा पाय धड आहे! गाडीतला जोरच आपण काढून दाराला लावलाय."

ग्लिनने कान धरले. क्लच घासून जळालेला माझा चेहरा लेथ यंत्रावर तासून नव्या क्लचबरोबर मला परत बसवले. ईस्टरला झेंडा हलला. काकांनी अलगद पाय उचलला, काकूंनी उड्या मारल्या आणि मी होते नव्हते ते बळ लावले. आम्ही थेट वर पोचलो. काका हसताहसता रडू लागले.

जमलेले लोक म्हणाले, "वा! नवा क्लच झकास हं!" आता याला काय म्हणावे?

मित्रांनो, बदलायचे ते जरूर बदला. पण जुने काढण्याआधी ते तिथे कशासाठी होते, एवढे तरी विचारा.

शेडच्या दाराशी आता ते नवे, हलके फ्लायव्हील ठेवले आहे. वारा आला की दार आपटते.