बापाच्या निकालावर लेकीचं मत

सोमवारची जपमाळ संपत आली होती, तोच सेलेस्टचा फोन आला. आमची लेक दर सोमवारी रेडिओवर फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्टांच्या निकालांवर बोलते. गेल्या आठवड्यात अपील कोर्टानं जो निकाल उलटवला, तो तिच्याच वडिलांनी, माझ्या नवऱ्यानं अल्सीदनं, निवृत्तीआधी दिलेला शेवटचा निकाल होता.

"ममा, पापा दुखावतील गं. हा निकाल गाळू का?"

हो म्हणावंसं फार वाटलं. सगळं न्यू ऑर्लिन्स तिला कान लावून ऐकतं. पण अल्सीदनं माझ्या हातातून फोन घेतला. "दुसऱ्या कुणाचा असता तर गाळला असतास?" एवढंच विचारून त्यानं फोन ठेवून दिला.

दुपारी राजमा शिजत ठेवून मी रेडिओ लावला आणि त्याच्या शेजारी बसले. सेलेस्टनं आधीच सांगून टाकलं, की हे न्यायाधीश आपले वडील आहेत. मग म्हणाली, "कोळंबी पकडणाऱ्या मच्छिमारांचे साक्षीदार न ऐकताच त्यांनी दावा फेटाळला. हे चुकलंच." मी अल्सीदचा हात धरला. देवा, याला हे सोसू दे, एवढंच मागितलं.

कार्यक्रम संपताच त्यानं फोन लावला.

"पापा, रागावलात?"

"रागावलोय तर! अर्धंच बोललीस. त्या माणसांना मी वर्षभर ताटकळत ठेवलं, ते कोण सांगणार? तुझी आई?"

पलीकडून हसू आलं, मग हुंदका. "पुढच्या सोमवारी सांगते," ती म्हणाली.

"सांग," तो म्हणाला.