पानडॉक्टरचं अंगण

त्या सकाळी आमच्या घरात भांडण पेटलं ते काचेच्या पेल्यांवरून. दादाला चहाला पेला मिळेना. "घरातले पेले काय चोरीला गेले?" म्हणून तो ओरडला. मी अंगणात जाऊन बघते तर पोरीनं झाडून सगळे पेले ओट्यावर ओळीनं मांडलेले. प्रत्येकात नितळ पाणी, आणि पाण्यात टोमॅटोच्या रोपाचं कापलेलं देठ लोंबकळतंय.

"काय गं हे? चहा कशात ओतू, तुझ्या बापाच्या ओंजळीत?"

"आत्या, गप्प बस. देठाच्या खाली बघ."

मी वाकले. देठाच्या टोकातून दुधासारखा बारीक धागा सुटून पाण्यात उतरत होता. एका पेल्यात, दुसऱ्यात, पलीकडच्यातही. बघायला छान वाटलं म्हणून मी हसले, आणि पोरीच्या तोंडाकडं बघून हसू तिथंच गिळलं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. गावाची टोमॅटोची रोपं तोच करतो. नवरा गेल्यापासून मी त्याच्याकडंच असते. माती चाळते, ट्रे भरते, बी टोचते, आणि मधल्या वेळात तोंड चालवते. वहिनीची कंबर धरलेली, त्यामुळं तिच्या वाटचंही माझ्यावरच. आणि पोर दादाची एकुलती. विद्यापीठात झाडांचे रोग शिकते. रोग कुठून येतो, कसा पसरतो, त्याला आवरायचं कसं, हेच तिचं शिक्षण. गाव तिला पानडॉक्टर म्हणतं.

तिचं शेवटचं वर्ष राहिलं होतं आणि दादाचं मन फिरलं होतं. "शिकलीस तेवढं पुष्कळ झालं. घरात माणूस कुठाय?" महिनाभर हेच. पोरीचं रडून झालं, जेवण टाकून झालं. शेवटी मी मध्ये पडले तेव्हा दादा एवढंच बोलला, "रोपं उचलली जाऊ देत, मग जा. एकही ट्रे राहिला तर मात्र नाव काढायचं नाही." तेव्हापासून पोर दिवसभर रोपांत वाकलेली. पिशवी भरून दाराआड ठेवलेली, रोज एकदा उघडून बघायची. आणि गिऱ्हाईक येणार होतं ते नेमकं त्याच दिवशी.

"हे काय आहे ते नीट सांग," मी म्हटलं.

"मर रोग. देठात जंतू भरलेत आत्या. रोप वरून हिरवंगार दिसतं. शेतात लावलं की फुलावर येतं आणि उभ्या उभ्या मान टाकतं. आणि माती खराब होते ती होतेच. वर्षानुवर्षं तिथं टोमॅटो नाही, वांगं नाही, मिरची नाही."

"मग औषध मार की. एवढं शिकलीस."

"ह्याला औषध नाही."

"आपल्या रोपांना कुठून आला? माती तर रोग मरावा म्हणून मी स्वतः भाजून घेतलीय!"

तिनं हौदाकडं बोट केलं.

ते सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालेलं. पोर सुट्टीला आली की अंगणात रांग लागायची. कुणाचं पान पिवळं, कुणाचं फळ किडकं. पहिल्यांदा लोक नुसतं पान तोडून आणायचे. पोर चिडायची, "पानावरून काय कळणार? झाड मुळासकट आणा." मग लोक मुळासकट आणायला लागले. पण डॉक्टरच्या हातात चिखलाचं झाड द्यायचं कसं? बरं दिसतं का ते? म्हणून प्रत्येक जण आमच्या दारात आला की आधी हौदाकडं जायचा, मुळं खळाखळा धुवायचा, आणि मग झाड दोन्ही हातांत धरून ओट्यापाशी यायचा. दादाला त्याचं कोण कौतुक! "बघ, लोक किती मानतात पोरीला." पोर आत भिंग पुसत बसलेली, तिला धुतलेलंच झाड दिसायचं. आणि त्याच हौदाचं पाणी मी झारीनं ट्रेला घालत होते.

दादा मागं आला. त्यानं सगळं ऐकलं होतं. पेल्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही.

"रोपं हिरवी आहेत."

"बाबा, हिरवीच दिसतात—"

"मला दिसतंय ते मी बोलतोय. लोक यायच्या आत पेले आत ने. रोपं गेली की तूही गाडीत बस. ह्याच्यापुढं मला एक शब्द ऐकायचा नाही."

पोर माझ्याकडं बघायला लागली. मी काय करणार होते? बोलली तर वर्ष गेलं. नाही बोलली तर गावाची माती गेली, तीही हिच्याच हातानं. गळ्यात दोरी आणि दोन्ही टोकं घरच्यांच्याच हातात, अशी गत. मला तिच्या बापाचा राग आला, त्या शिक्षणाचा आला, आणि खरं सांगते, थोडा तिचाही आला. कशाला बघायला गेली होती ती त्या देठात!

तिनं पेले आत नेले नाहीत.

पहिला आला पंपवाला. गावातल्या मोटारी दुरुस्त करतो, पण शेतही राखून आहे. त्याच्यामागं सुतारीण टोपली घेऊन, आणि मागं आणखी माणसं. पंपवाल्यानं ट्रेला हात घातला आणि सवयीनं हाक मारली, "काय पानडॉक्टर, रोपं बरी आहेत ना? तू म्हणशील तर उचलतो."

दादा म्हणाला, "सांग की."

पोर ओट्यावर उभी, ओढणीचं टोक मुठीत पिळत होती.

"बरी नाहीत," ती म्हणाली. "रोग आहे. लावू नका."

मग जो गलका झाला! पेले बघून सुतारीण म्हणाली, "अगं बाई, हे तर दूध सुटल्यासारखं दिसतंय." कुणी म्हणालं, पोर चेष्टा करतेय. पंपवाला मात्र हसला, "अगं मग काय झालं? घरात डॉक्टर असताना आम्ही कशाला भ्यायचं? रोग आला की तुझ्याकडं घेऊन येतो. तू बरं करशीलच."

"काका, मला बरं करता येत नाही! कुणालाच येत नाही!"

"शिकते म्हणजे येईलच गं," म्हणून त्यानं ट्रे उचलला.

आणि दादानं ट्रेची दुसरी बाजू धरली.

"सोड," दादा म्हणाला.

"अरे, शब्द दिलायस तू मला. शेत तयार ठेवलंय."

"दिला होता. सोड म्हणतो ना!"

दोघं बाप्ये ट्रे धरून उभे, कुणीच सोडेना. दादाचा आवाज फाटला, "पोरगी खोटं बोलत नाही रे माझी. चुलीत घालीन, पण तुझ्या शेतात जाऊ देणार नाही."

पंपवाल्यानं ट्रे सोडला. "वा रे डॉक्टर," म्हणून थुंकला आणि निघाला. बाकीचेही गेले. सुतारीण जाता जाता म्हणाली, "ही शिकायला गेली आणि गावात रोग आला बघा."

दुपारभर आम्ही रोपं उपटली आणि खड्ड्यात पेटवली. ओली रोपं धड जळतही नव्हती. धुरानं डोळे चुरचुरत होते, त्यामुळं कोण रडतंय ते विचारायची सोय नव्हती. सगळं आटोपल्यावर दादानं हात झटकले आणि पोरीकडं न बघता म्हणाला, "माती उचलायची, हौद उकळत्या पाण्यानं घासायचा, ट्रे नवीन करायचे. तूच काढलंस हे, तूच निस्तर. आता जायचं नाही."

"बरं," पोर म्हणाली. एवढं हळू की मला जेमतेम ऐकू आलं.

इतकी वर्षं मी ह्या घरात जेवते. दादाला उलटून कधी बोलले नाही, माझी सगळी बडबड भांड्यांशी आणि वहिनीशी. त्या दिवशी मात्र दाराआडची पिशवी उचलून मी त्याच्यासमोर आपटली.

"ती जाईल. हौद मी घासते."

"तुला जमणार आहे का?"

"पाणी मी घातलंय ना? मग घासीनही मीच. आणि तिला पुढची सुट्टी लागेपर्यंत घरातून हलणार नाही, बस?"

दादा दारातून बाजूला झाला. वहिनी आतून म्हणाली, "गाडी चुकेल पोरीची."

पोरीला गाडीत बसवलं. खिडकीतून ती काहीतरी सांगत होती, पाणी किती उकळायचं ते. "समजलं, समजलं, जा आता," मी म्हटलं. गाडी वळणापलीकडं गेली तरी मी तिथंच उभी होते, त्या गाडीचा मला हेवा वाटला. मग घरी आले, पदर खोचला आणि सगळ्यांत मोठं पातेलं चुलीवर चढवलं.